आमचं घर उणे चारवर

बाबा, म्हणजे माझे सासरे, एप्रिल २०२३ मध्ये पहिल्यांदा आमच्याकडे आले. स्खिपहोल विमानतळावरून आमच्या होफ्डॉर्पच्या घरी यायला गाडीने पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात आईंनी विमानातला चहा कसा पांचट होता, शेजारच्या बाईंनी रात्रभर कसा दिवा चालू ठेवला आणि सिक्युरिटीवाल्याने भाजणीचं पाकीट कसं चारदा उलटंपालटं करून पाहिलं, हे सगळं सांगून टाकलं. बाबा खिडकीतून बाहेर बघत गप्प. घराशी गाडी लावली, बाबा उतरले, चारी बाजूंना नजर फिरवली आणि नेदरलँड्समधलं त्यांचं पहिलं वाक्य बोलले, "इथला आर.एल. किती रे?"

नवऱ्याला वाटलं वायफायचं काहीतरी विचारतायत. त्याने पासवर्ड सांगितला.

आर.एल. म्हणजे रिड्यूस्ड लेव्हल, समुद्रसपाटीच्या हिशेबात एखाद्या जागेची उंची. बाबा पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि २०१० साली उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या जगात प्रत्येक गोष्टीला आर.एल. असतो. सांडव्याच्या माथ्याला असतो, कालव्याच्या तळाला असतो, आमच्या सिंहगड रोडच्या इमारतीच्या जोत्यालाही असतो आणि तो त्यांना पाठ आहे. त्यामुळे आर.एल. माहीत नसलेल्या घरात त्यांना रात्री झोप लागणार नाही हे उघड होतं. इथे सरकारची एक वेबसाइट आहे, तिच्यावर देशातल्या कुठल्याही जागेवर बोट ठेवलं की उंची दिसते. चहा उकळेपर्यंत नवऱ्याने ती काढली. आमच्या पार्किंगचा आकडा आला साधारण उणे चार मीटर.

"उणे?" बाबा म्हणाले. मग चहाचा एक घोट घेऊन, "म्हणजे तुम्ही तळ्याच्या तळाशी फ्लॅट घेतलाय."

थट्टा वाटली होती, पण ते शब्दशः खरं निघालं. आम्ही २०१८ पासून इथे राहतोय आणि आम्हाला हे धड माहीत नव्हतं. पूर्वी इथे हार्लेमरमेर नावाचं अवाढव्य तळं होतं. वादळात ते काठ खात सुटायचं म्हणून त्याला लोक 'पाण्याचा लांडगा' म्हणत. १८३६ च्या वादळांत त्याचं पाणी एकीकडे अॅमस्टरडॅमच्या वेशीपर्यंत आणि दुसरीकडे लायडनपर्यंत गेलं. तेव्हा सरकारने ठरवलं, पुरे झालं, हे तळंच उपसून टाकायचं. भोवती साठेक किलोमीटरचा कालवा खणला, तीन ठिकाणी वाफेची इंजिनं बसवली आणि १८५२ साली सुमारे १८ हजार हेक्टर जमीन कोरडी केली. आमचं गाव, आमची डी-मार्टसारखी दिसणारी सुपरमार्केटं, खुद्द विमानतळ, सगळं त्या तळ्याच्या बुडाशी आहे.

आमचा बेत वेगळाच होता. नवऱ्याने एक्सेलमध्ये तीन महिन्यांचं वेळापत्रक केलं होतं, रंगीत रकान्यांसकट. कोकेनहोफ, पॅरिस, ब्रुझ, स्वित्झर्लंड. त्यात 'आराम' असाही रकाना होता, पिवळा. बाबांनी ते वाचलं, छान आहे म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बूट घालून कालव्यावर गेले.

त्या कालव्याचं नाव रिंगफार्ट. गंमत अशी की त्याचं पाणी आमच्या रस्त्याच्या कितीतरी वर आहे. खाली सायकलवरून जाताना मान वर केली की होडी डोक्यावरून जाताना दिसते. मी रोज ऑफिसला जाताना पाहत होते आणि 'क्यूट' म्हणून फोटो टाकत होते. बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, "हा भरावातला कालवा आहे." मग बांधाच्या खालच्या बाजूने, जिथे गवत संपून चर सुरू होतो तिथून, कमरेत वाकून चालू लागले.

"बाबा, काय शोधताय?"

"पाझर. गवत एखाद्याच ठिकाणी जास्त हिरवं दिसलं की समजायचं."

असे ते तीन महिने रोज चालले. पाझर काही सापडला नाही आणि याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं. सापडला असता तर कळवायचा कुणाला, हे त्यांनी मात्र पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवलं होतं. त्यावरून मला बोलणी बसली. इथे पाण्याचा कारभार बघायला वेगळी मंडळं आहेत, त्यांना स्वतःचा कर आहे आणि स्वतःच्या निवडणुकाही. आमच्या भागाचं मंडळ रेइनलांड, तेराव्या शतकातलं. ही निवडणूक त्याच वर्षी १५ मार्चला झाली होती. भारतीय पासपोर्ट असला तरी इथे राहणाऱ्यांना त्यात मत देता येतं, त्यामुळे आम्हा दोघांनाही मतदानाची चिठ्ठी आली होती. नवऱ्याने दिलं. माझी चिठ्ठी मात्र फ्रिजवर चुंबकाखाली तशीच होती, कारण त्या दिवशी पाऊस होता आणि मला कंटाळा आला होता.

बाबांनी ती काढली, उलटसुलट पाहिली. "ज्ञानेश्वरी लिहायच्या आधीपासून यांची पाण्याची समिती आहे. आपल्याकडे पाणीवापर संस्थेच्या बैठकीला माणसं यावीत म्हणून मी गावोगाव हात जोडत हिंडलोय. आणि तुला घरपोच चिठ्ठी येते, ती तू फ्रिजला लावतेस?"

मी भांडी घासायला घेतली.

आईंचं मात्र वेगळं चाललं होतं. कोकेनहोफची बाग त्यांना आवडली, सत्तर लाख कंद लावतात हे ऐकून त्यांनी कौतुकही केलं, पण त्या रमल्या त्या बाहेरच्या शेतांत. इथले शेतकरी ट्यूलिप वाढवतात ते कंदासाठी. फूल पुरतं उमललं की यंत्राने त्याची मुंडकी छाटतात, म्हणजे सगळा जोर कंदात जातो. ती छाटलेली फुलं शेताच्या कडेला पडलेली असतात, लाल, पिवळी, जांभळी, गुडघाभर उंचीचे ढीग. आईंनी ते पाहिलं आणि मटकन बांधावर बसल्या. "अगं, टाकून दिलीत?" मग शेतकऱ्याला खुणेने विचारून (त्याला वाटलं बाईंना खत हवंय) दोन पिशव्या भरून आणल्या. संध्याकाळी सुई-दोरा घेऊन बसल्या. ट्यूलिपचा हार ओवता येत नाही, पाकळ्या बुळबुळीत. तिसऱ्या प्रयत्नात त्यांनी पाकळ्या एकीत एक घडी घालून ओवल्या. आमच्या देवघरातल्या गणपतीने दोन दिवस असा हार घातला की तो त्याच्याहून मोठा होता. तिसऱ्या दिवशी सगळ्याचा लगदा झाला, तो आईंनीच निपटला.

हेगच्या मोठ्या बाजारात त्यांना कारली मिळाली. विकणारी बाई सुरीनामची, पण नाक-डोळे थेट आपल्याकडचे. तिचे पणजोबा-खापरपणजोबा कधीतरी बिहारकडून मजूर म्हणून जहाजाने सुरीनामला गेलेले. अशी जहाजं १८७३ पासून जात होती. पुढे सुरीनाम स्वतंत्र होण्याच्या सुमाराला त्यांच्यातले पुष्कळ लोक हॉलंडला आले. ती बाई बोलत होती ते भोजपुरीच्या जवळचं, आई बोलत होत्या ते सोलापुरी हिंदी, आणि दोघी वीस मिनिटं कारल्याच्या बिया काढाव्यात की नाही यावर वाद घालत होत्या. पाच वर्षांत माझं इथल्या कुणाशी इतकं मोकळं भांडण झालेलं नाही.

पॅरिसबद्दल फार लिहीत नाही. सगळ्यांनी पाहिलंय. हॉटेलची लिफ्ट बंद होती, खोली चौथ्या मजल्यावर, आईंचे गुडघे आणि माझं बुकिंग, पुढचं समजून घ्या. आयफेल टॉवरच्या खाली रांगेत उभं असताना बाबांनी पुलाकडे बोट दाखवलं. जवळच सीन नदीवर पाँ द लाल्मा नावाचा पूल आहे, त्याच्या खांबाशी एका सैनिकाचा दगडी पुतळा आहे. पूर आला की पॅरिसचे लोक पाणी त्याच्या कुठपर्यंत आलं ते पाहतात. पावलं, गुडघे, मांड्या. १९१० च्या महापुरात ते खांद्यापर्यंत पोचलं होतं. बाबा म्हणाले, टॉवर तुम्ही बघून या, मी त्याच्याशी बसतो. आम्ही वरून खाली बघितलं तेव्हा ते कुठे दिसतायत का शोधत होतो. एवढ्या उंचीवरून काय दिसणार.

मग झीलंड प्रांत. तो एक्सेलमध्ये नव्हताच.

एका शनिवारी बाबांनी स्वतःहून सांगितलं, मला अमुक ठिकाणी जायचंय. औवरकेर्क, दक्षिणेकडचं छोटंसं गाव, आमच्याकडून दीडेक तासावर. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री उधाणाची भरती आणि वायव्येचं वादळ एकदम आलं, बांध फुटले आणि त्या पुरात या देशात १८३६ माणसं गेली. औवरकेर्कला त्याचं संग्रहालय आहे. ते आहे कशात, तर बांधाचं शेवटचं भगदाड बुजवायला वापरलेल्या चार काँक्रीटच्या पेट्यांत. पेटी म्हणायची, पण एकेक साठ मीटर लांब आणि सहा मजली इमारतीएवढी उंच. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीवर उतरताना दोस्त राष्ट्रांनी तात्पुरतं बंदर उभारायला बनवलं होतं त्या जातीच्या.

आत जाताना बाबा त्या भिंतीवर हात फिरवत होते. "म्हणजे यांची घळभरणी यानं झाली."

घळभरणी हा शब्द ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मातीचं धरण बांधताना नदीसाठी मधे एक घळ ठेवतात. दोन्हीकडचा भराव तयार झाला की एका उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आत, रात्रंदिवस काम करून ती घळ भरायची. बाबांनी मराठवाड्यातल्या एका मध्यम प्रकल्पाची घळभरणी केली आहे. त्या उन्हाळ्यात ते दोन महिने घरी आले नव्हते आणि नवरा तेव्हा आठ महिन्यांचा होता. हे आई दर दिवाळीला काढतात. "इथे तर उन्हाळा नाही नि काही नाही," बाबा म्हणाले, "दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. त्या भगदाडातून समुद्र आत-बाहेर करतोय, प्रत्येक वेळी ते आणखी खोल होतंय. मधे थांबायला वेळच नाही." शेवटची पेटी ६ नोव्हेंबरच्या रात्री बसली. फेब्रुवारी ते नोव्हेंबर. बाबांनी बोटांवर मोजलं.

पुढच्या पेटीत अंधार आहे आणि मेलेल्यांची नावं. आम्ही हळू चालत होतो. बाबा थांबले. मला वाटलं दमले. ते म्हणाले, "मी चौथीत होतो."

पानशेत फुटलं ते १२ जुलै १९६१ ला. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे बाबांच्या लहानपणी पूर आला होता आणि नारायण पेठेतला वाडा गेला, एवढं. त्यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितलेलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. त्या अंधारात त्यांनी सांगितलं की शाळेतून मधेच घरी पाठवलं. आजी देव घेतल्याशिवाय निघेना. त्यांच्या वडिलांनी शेवटी देव धोतराच्या सोग्यात बांधले आणि सगळे पर्वतीकडे पळाले. परत आले तिसऱ्या दिवशी. वाडा मातीचा, मागची भिंत विरघळल्यासारखी बसलेली, आणि गाळ त्यांच्या छातीपर्यंत. त्या गाळाचा वास ते सांगू शकले नाहीत, दोनदा सुरुवात केली आणि सोडून दिलं. आजी गाळात हात घालून स्वयंपाकघर शोधत होती. तिला जातं सापडलं. म्हणजे त्याची खालची तळी सापडली. वरची गेली, ती गेलीच.

"ती तळी कुठे असते हिला माहितीये," बाबा आईंकडे बघत म्हणाले.

आईंना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "तुळशीखालची?"

"हो."

"ती जात्याची होती? अहो, मी सेहेचाळीस वर्षं तिच्यावर कुंडी ठेवलीय. त्याआधी त्या सोलापूरच्या क्वार्टरमध्ये न्हाणीत होती, मी तिच्यावर कपडे आपटलेत!"

"मग काय झालं? दगडच तो."

बाहेर आल्यावर आई बराच वेळ बोलल्या नाहीत. आम्ही बांधावर बसून मेथीचे ठेपले खाल्ले. वारा इतका होता की कागदी बशा उडाल्या आणि नवरा त्यांच्यामागे मेंढ्यांत धावत गेला. मेंढ्या बांधावर मुद्दाम सोडतात, गवत आखूड राहतं आणि खुरांनी माती दबते. ही माहिती बाबांची.

त्यानंतर आम्ही एक्सेल बंद केलं. पुढचे रविवार बाबांचे. क्रुक्वियसच्या पंपघरात गेलो, आमच्या तळ्याचं पाणी उपसलं त्या तिघांपैकी एक. तिथलं इंजिन त्याच्या जातीतलं जगातलं सगळ्यात मोठं, सिलिंडरच ३.६६ मीटर व्यासाचं. एका झटक्याला आठ पंप मिळून ६४ हजार लिटर, मिनिटाला पाच झटके. बाबांनी माझ्या फोनवर गुणाकार केला. १८८ क्युसेक. "एवढंच? मुठा उजव्या कालव्याला याच्यापेक्षा कितीतरी जास्त सोडतात," नवरा म्हणाला, पुणेकर असल्यामुळे. बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा आठवीत गेला. "ते उतारानं जातं. हे चढवलंय."

स्वित्झर्लंडला आईंना बर्फ हवा होता आणि तो त्यांना दाखवला. दोन दिवस तिकडेच. आईंनी बर्फाचा गोळा करून बाबांच्या पाठीवर मारला, त्याचा व्हिडिओ साऱ्या नातेवाइकांकडे गेलाय. तिसऱ्या दिवशी सिओंहून बस पकडून ग्राँद दिक्साँस धरणावर गेलो. जूनचा शेवटचा आठवडा. पायथ्याशी उभं राहून मान मागे टाकली तरी माथा दिसत नाही. २८५ मीटर उंची, कोयनेच्या पावणेतीनपट. गुरुत्व धरणांत, म्हणजे स्वतःच्या वजनावर पाणी थोपवणाऱ्या धरणांत, जगात सगळ्यात उंच. पाळण्यातून वर गेलो. मागे निळं-करडं पाणी, भोवती हिमनद्या. बाबा माहितीफलक वाचत राहिले.

"चाळीस कोटी घनमीटर. म्हणजे चौदा टीएमसी." थोड्या वेळाने, "उजनी ११७." आणखी थोड्या वेळाने, "एवढं काँक्रीट ओतून उजनीच्या आठव्या हिश्शाएवढं पाणी!" त्यांच्या आवाजात तुच्छता नव्हती, उलट हेवा होता. पाणी थोडं, पण पडतं अठराशे मीटरवरून, सगळा खेळ विजेचा. मग त्यांनी फलकावरची शेवटची ओळ मला इंग्रजीतून वाचायला सांगितली, चष्मा असूनही. काम पूर्ण: १९६१. मी वाचली. ते काही बोलले नाहीत, नुसतं हं म्हणाले आणि कठड्याला हात लावून सातशे मीटर लांबीच्या त्या माथ्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून आले. आई आणि मी कॉफी प्यायलो. कॉफीची किंमत आईंना अजून सांगितलेली नाही.

परत जायच्या आधीच्या रविवारी मास्लांटकेरिंग पाहिलं. रॉटरडॅमच्या खाली, नदी समुद्राला मिळते तिथे, १९९७ मध्ये बांधलेलं. दोन्ही काठांवर दोन दरवाजे कोरड्या गोदीत झोपलेले, प्रत्येक २१० मीटर लांब, २२ मीटर उंच. मोठं उधाण येणार असं दिसलं की गोदीत पाणी घेऊन दरवाजे तरंगवायचे, नदीत आणायचे, पोटात पाणी भरून तळाशी बसवायचे. आणि हे ठरवतो संगणक. माणूस नाही. बाबांना ही गोष्ट पटेना. मार्गदर्शक मुलगी विशी-बाविशीची होती, तिला त्यांनी माझ्यामार्फत तीनदा विचारलं, शेवटचा हुकूम कुणाचा? तिने तीनदा तेच सांगितलं. वाटेत गाडीत म्हणाले, "आमच्याकडे दरवाजा उचलायचा तर वायरलेसवर साहेबांचा निरोप यावा लागे. एकदा साहेब जेवत होते. मी दीड तास चाकाला हात लावून उभा होतो, आणि पाणी काही ताटावरून उठायची वाट बघत नव्हतं." मग बराच वेळ खिडकीबाहेर बघून, "संगणक जेवत नाही, हे एक बरंय."

जुलैत ते गेले. सुटकेसमध्ये चीज, आईंच्या मैत्रिणींसाठी चॉकलेटं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले बारा ट्यूलिपचे कंद. पुण्याच्या उन्हात ते लागणार नाहीत असं मी सांगितलं होतं. लागले नाहीत.

२२ डिसेंबरला सकाळी ऑफिसच्या ट्रेनमध्ये बातमी वाचली. आदल्या दिवशीच्या वादळात पाणी ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाणार असं दिसलं आणि मास्लांटकेरिंग पहिल्यांदाच आपणहून बंद झालं. मी तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला. डब्यात फोनवर बोलायची मनाई होती, तरी लावला. बाबा गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते.

"बंद झालं, बाबा. संगणकानं केलं."

"दोन्ही दरवाजे एकदम निघाले की एकामागून एक?"

बातमीत ते नव्हतं. मी तसं सांगितलं.

"मग बघून कळव," म्हणाले, आणि फोन आईंकडे दिला.